पास्त्याबरोबर गिळलेले मूग

मराठी माणूस खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ आणि फार भांडखोर, असा आपणच आपला पसरवलेला लौकिक आहे. त्यातला अर्धाच खरा. तो स्वस्त खाण्याच्या बाबतीत भांडखोर आहे. वडापाव दोन रुपयांनी महागला की गाडीवाल्याला देशाच्या अर्थकारणावर चार शब्द ऐकवतो. लग्नात फुकट जेवताना मठ्ठ्यात आलं कमी पडल्याचं मुलीच्या बापाला ऐकू जाईल इतपत आवाजात सांगतो. भाजीवालीने कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकल्या नाहीत, तर तिचा धंदा कसा बसणार आहे याचं भविष्य तिथेच उभं राहून वर्तवतो. हाच वाघ कर्जत-चौक रस्त्यावरच्या एखाद्या 'कॅज्युअल इटालियन' रेस्तराँत नेऊन बसवा, त्याच्यापुढे साडेचारशे रुपयांचा मैद्याचा लगदा ठेवा आणि बघा. काटा उचलतो, मान डोलावतो, 'छान क्रीमी आहे' म्हणतो आणि मूग गिळून गप्प बसतो.

माझं भांडण त्या लगद्याशी कमी आणि त्या गप्प बसण्याशी जास्त आहे.

आमच्याकडे, म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, हल्ली दर शनिवारी मुंबई उतरते. फार्महाऊस, सेकंड होम, व्हिला, रिसॉर्ट. ज्याला जे नाव परवडेल ते. पनवेल-कर्जत लोकलचा नवा मार्ग होतोय म्हटल्यावर तर जमिनीच्या दलालांची झोपच उडाली. कालपर्यंत जिथे भाताची खाचरं होती तिथे आज लॉन आहे. बांध तेवढा ठेवलाय, दिव्यांच्या माळा लावायला तो बरा पडतो. माणसं आली की त्यांना भूक लागणारच, आणि शहरातून आलेल्या भुकेला पिठलं-भाकरी फक्त पहिल्या दुपारी पुरते. रात्री तिला पिझ्झा हवा असतो. असू दे. 'आपलं सोडून हे काय' म्हणून कपाळावर आठ्या घालणाऱ्या पंथातला मी नाही. ज्याला आपण आपलं म्हणतो त्या बटाट्याच्या भाजीतला बटाटा अमेरिकेतून आला, तिच्यातली मिरचीही तिथूनच आली, आणि इटलीचा टोमॅटोही तिथलाच. चांगला पास्ता मिळणार असेल तर मी बोरघाट चढून जाईन. तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये. मी इथे इटालियन जेवणाच्या बाजूने उभा आहे. त्या रात्री त्या टेबलावर त्याची बाजू घ्यायला दुसरं कोणीच नव्हतं.

माझा शाळेतला एक मित्र डोंबिवलीला असतो. त्याचा फोन आला. "अरे, तुमच्याकडे एक भारी इटालियन निघालंय. रील बघितलं. शनिवारी येतोय, तयार राहा." आला. मला दहिवलीला गाडीत घेतलं आणि म्हणाला, "आधी एकेक वडा खाऊ." आम्ही एका गाडीपाशी थांबलो. त्याने वडा हातात घेतला, दोन बोटांनी दाबला आणि परत ठेवला. "हा मघाचा घाणा आहे. गरम काढ." वडेवाल्याने ना तोंड वाकडं केलं ना हुज्जत घातली. नवा घाणा सोडला. आम्ही उभ्यानेच खाल्ला, पैसे दिले, निघालो. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण तासाभराने याच माणसाचं जे झालं ते मला अजून समजलेलं नाही.

रेस्तराँचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, या पट्ट्यात त्याची जुळी भावंडं पुष्कळ आहेत. भिंतीवर व्हेस्पा स्कूटर रंगवलेली. तिच्या शेजारी पिसाचा मनोरा, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी व्हेनिसची होडी. इटलीचा भूगोल त्या भिंतीइतका आटोपशीर असता तर पर्यटकांची केवढी सोय झाली असती. छताला प्लॅस्टिकची द्राक्षं. मेनूवर तीन ठिकाणी 'ऑथेंटिक'. आम्ही गार्लिक ब्रेड, पेने अल्फ्रेडो आणि मशरूम रिसोटो मागवलं.

पेने आलं. नळीला काट्याने नुसता स्पर्श केला तर ती बसली. आत पोकळी असते म्हणून ती नळी. इथे वरचा मजला खालच्यावर कोसळलेला. सकाळीच उकडून, तेल चोळून, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलेला आणि ऑर्डर आल्यावर सॉसमध्ये पुन्हा रटरटवलेला पास्ता असाच होतो. त्यात गूढ काही नाही. पांढरा सॉस मैद्याचा. ताट टेबलावर येऊन दोन मिनिटं होतात तोच त्यावर साय धरली आणि कडेला पाणी सुटलं. मधून फ्रोजन मक्याचे दाणे आणि बेबी कॉर्नच्या चकत्या डोकं वर काढत होत्या. चीज म्हणून जे होतं ते ताणलं की लांबत होतं, पण दुधाची चव म्हणून काही नाही. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेला चीजसारखा पदार्थ 'चीज' या नावाने विकता येत नाही, असा आपल्या अन्नसुरक्षेचा नियम आहे. आमच्या ताटात काय होतं ते मी ठामपणे सांगू शकत नाही, प्रयोगशाळा खिशात घेऊन कोणी जेवायला जात नाही. पण जिभेने शंका घेतली होती.

आता मित्राकडे बघा. पहिला घास घेतला. भुवई किंचित वर गेली. मग त्याने ओरेगानोची पुडी फोडली आणि सगळी ओतली. मग चिली फ्लेक्सची. मग पुन्हा ओरेगानोची. आपली तक्रार हल्ली अशी पुडीतून बाहेर पडते. 'हे बेचव आहे' हे वाक्य तोंडातून निघत नाही, म्हणून माणूस मुकाट्याने पुड्या फोडत बसतो. अशा कुठल्याही रेस्तराँतून रात्री निघताना टेबलांवर फाटलेल्या पुड्या किती पडल्यात ते बघा. तेवढ्या तक्रारी त्या दिवशी आल्या होत्या आणि मालकापर्यंत एकही पोचली नाही.

मी वेटरला हाक मारणार तेवढ्यात टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट बसला. "जाऊ दे ना. कशाला? इटालियन असंच असतं."

इटालियन असंच असतं! वडा दोन बोटांनी दाबून परत करणारा माणूस हे बोलला.

नसतं रे बाबा असं. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा, असा कायदा इटलीने 1967 मध्ये केला, कारण मऊ गव्हाची नळी उकडल्यावर उभी राहत नाही. अल्फ्रेडो ज्याच्या नावाने चालतो तो अल्फ्रेडो दि लेलिओ हा रोममधला रेस्तराँवाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या ताटात होतं काय, तर पास्ता, लोणी आणि पार्मेजान चीज. मैदा नाही, मका नाही, क्रीमसुद्धा नाही. क्रीम अमेरिकेने घातलं. पार्मेजान किमान 12 महिने मुरवल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी 1984 मध्ये खऱ्या पिझ्झाचे नियम ठरवायला संघटना काढली, आणि त्यांच्या पिझ्झा करण्याच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. 1986 मध्ये रोमच्या पियाझा दी स्पान्यापाशी मॅकडोनाल्ड्स उघडणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले, आणि निषेध म्हणून काय केलं? पेने वाटलं. त्या भांडणातूनच कार्लो पेत्रिनी आणि मंडळींची स्लो फूड चळवळ उभी राहिली. ताटातल्या पदार्थावरून इतकी कचाकचा भांडणारी दुसरी जमात युरोपात क्वचितच असेल. म्हणजे त्यांचं जेवण आपण उचललं, तेही निम्मंशिम्मं, आणि त्यांची भांडायची खोड, जी आपल्याकडे मुळातच होती, ती मात्र दाराबाहेर चपलांबरोबर सोडून आलो.

'आपल्याला त्यातलं काय कळतं' हे आपलं लाडकं निमित्त. तेही खोटं. आपल्याला सगळं कळतं. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू. त्याच्या रव्याच्या शेवया उन्हाळ्यात पाटावर वळल्या जात, खाटेवर धोतर अंथरून वाळवल्या जात, आणि खिरीतली शेवई मोडते की विरघळते यावर सासू सुनेचं आठ दिवसांचं भवितव्य ठरवत असे. या घरांतल्या माणसाला नळी जास्त शिजलीय हे कळत नाही? गार्लिक ब्रेडच्या नावाखाली कालच्या लादीपावावर लसणाचं बटर फासलंय हे त्याला वासावरून कळतं. कळतं, पण सांगायची वेळ आली की आपण त्या जागी पाहुणे आहोत असं काहीतरी वाटायला लागतं. बिल भरणारा पाहुणा!

रिसोटोचं तर बोलूच नये, पण बोलतो. ज्या कर्जतमध्ये आम्ही बसलो होतो, त्या कर्जतमध्ये कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधनाचं केंद्र आहे. कर्जत-2, कर्जत-3, कर्जत-7 अशा भाताच्या जाती गावाचं नाव लावून इथून बाहेर पडल्या. सह्याद्री हा संकरित भातही इथलाच. भिवपुरीला टाटांचं वीजगृह 1922 पासून आहे. मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी तिथे वीज करून खाली उतरतं आणि राजनाल्यातून शेतात जातं, म्हणून या भागात उन्हाळ्यातही भात पिकतो. तांदूळ कसा शिजतो, कुठला मोकळा होतो आणि कुठला चिकटून बसतो, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. रिसोटो हा चिकटून बसणाऱ्या तांदळाचाच पदार्थ. उत्तर इटलीत व्हेर्चेल्लीच्या बाजूला आमच्यासारखीच पाण्याने भरलेली खाचरं आहेत, तिथल्या आर्बोरियो गावाच्या नावाचा तांदूळ जगभर जातो. आखूड, जाड, पोटात भरपूर पिठूळ. थोडं थोडं पाणी घालत ढवळत राहिलं की तो स्वतःच दाट होतो, क्रीमची गरजच पडत नाही.

आमच्यापुढे आलेला रिसोटो बासमतीचा होता. लांब, सुटी, वास मारणारी शितं आणि वरून ओतलेलं क्रीम. चिकटायला तयार नसलेल्या तांदळाला चिकटवायचं म्हणून क्रीम. आजारी माणसाला देतात त्या गुरगुट्या भाताची आठवण आली, फक्त गुरगुट्या भात प्रामाणिक असतो आणि त्यावर तूप असतं. आर्बोरियो परवडत नसेल, कबूल. मग इथला जाड्या दाण्याचा तांदूळ घ्या, नीट ढवळा आणि मेनूवर 'कर्जतच्या तांदळाचा रिसोटो' असं छातीठोक लिहा. मी चारशे काय, पाचशे देईन आणि चार माणसांना घेऊन येईन. पण त्यासाठी मालकाला रस्त्यापलीकडे काय पिकतं ते बघावं लागेल, आणि इटलीचं चित्र काढलेल्या भिंतीला खिडकी नसते.

हे म्हटलं की दोन आक्षेप येतात. पहिला: 'अरे, सगळ्यांनीच पदार्थ आपल्या चवीचे केलेत, चायनीज भेळ खातोसच ना?' खातो, आवडीने खातो. कांदा-मिरचीचा पिझ्झा, तंदुरी पनीरचा पिझ्झा, खुशाल करा. तो मनापासून केलेला असेल तर त्याच्यासारखा पदार्थ नाही. पण मग 'ऑथेंटिक' लिहू नका. आपल्या चवीचं केलं म्हणजे तिखट वाढवलं, लसूण वाढवला. नळीचा लगदा करणं ही कुठल्या मुलखाची चव आहे?

दुसरा आक्षेप जास्त चलाख. 'इथल्या पोरांना रोजगार मिळतो. बिचारे वाडीवरून येतात, त्यांच्यावर काय ओरडायचं?' ओरडायचं कोणी म्हटलं? आमच्या टेबलाला जो पोरगा होता, तो जवळच्या ठाकूरवाडीतला. मित्राला 'सर' म्हणत होता, मला 'काका'. बेसिनपाशी मी त्याला हळूच विचारलं, "तुम्ही जेवता का रे यातलं?" तो हसला. "नाय काका. आमचा भात-डाळ मागं वेगला बनतो. भारी बनवतो आमचा भाऊ." तोच भाऊ पुढच्या कढईत अल्फ्रेडो ढवळतो. म्हणजे हात चांगला आहे, जीभ चांगली आहे. त्याला कोणी पास्ता शिकवलेला नाही, एवढंच. पाकिटं दिलीत आणि फोनवर व्हिडिओ दाखवलाय. त्या मुलांना काही शिकवावं लागतं हे मालकाला वाटत नाही, आणि वाटावं तरी का? गिऱ्हाईक 'छान क्रीमी आहे' म्हणून मान डोलावतंय. पोरांची दया येते म्हणून खराब जेवण गोड मानणारा माणूस त्यांचं भलं करत नाही. तो मालकाचा शिकवण्याचा खर्च वाचवतो.

मालक मूर्ख नाहीत. मला ते या प्रकरणातले सर्वांत हुशार वाटतात. आपण गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्यावरच धंदा करतोय हे त्यांना नेमकं कळलंय. शनिवारचं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, आलं तरी सहा महिन्यांनी, आणि ते जेवायला नाही तर फोटोला येतं. म्हणून खर्च व्हेस्पावर.

खरं म्हणजे गिऱ्हाइकाच्या ओरडण्यातून जेवण कसं तयार होतं हे कर्जतला कोणी शिकवायला नको. 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढली. घाटात चढ 37 ला 1, एका इंजिनाला तो झेपेना, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागायला लागली आणि गाडी काही मिनिटं थांबायला लागली. त्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा मोठा झाला. खिडकीतून हात बाहेर, गाडी सुटायच्या बेतात, आणि प्रत्येक हाताच्या मागे एक फटकळ तोंड. थंड वडा दिला तर तो माणूस पुढच्या खेपेला घेणार नाही आणि डब्यातल्या पन्नास जणांना सांगून घेऊ देणार नाही. अशा गिऱ्हाइकासमोर तो वडा टिकला. जुन्या हायवेवर खोपोलीला थांबणारे ट्रकवाले आणि पुण्या-मुंबईचे एसटीवाले, तेही काही मान डोलावणाऱ्यांतले नव्हते. मग एक्सप्रेस वे आला, खालापूरला फूड मॉल आले, ट्रे आले, टोकन आलं, आणि ओरडायला समोर माणूसच राहिला नाही. गप्प बसायची सवय आपल्याला बहुतेक तिथेच रांगेत लागली. ती सवय घेऊन आपण मेणबत्तीच्या टेबलापर्यंत पोचलो.

पाण्याचं सांगायचं राहिलं. बसल्या बसल्या पहिला प्रश्न आला, "सर, रेग्युलर की मिनरल?" मित्र एका क्षणात "मिनरल, मिनरल." साधं पाणी मागितलं तर आपण कुठल्या थरातले हे उघडं पडेल की काय, अशी धास्ती. बाटली छापील किमतीपेक्षा चढ्या दराने आली. हॉटेलांना तसं करता येतं, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तशी मुभा दिली आहे, तेव्हा त्यावर मी वाद घालत नाही. पण साधं पाणी मागण्यावर कुठल्याही न्यायालयाने बंदी घातलेली नाही. पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या तालुक्यात, उल्हास नदीच्या काठी, आम्ही कुठल्याशा डोंगराचं चित्र असलेलं पाणी विकत घेऊन प्यालो.

मी शेवटी वेटरला बोलावलंच. मित्राने मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. मी शांतपणे म्हटलं, "पेने जास्त शिजलंय. ऑर्डर आल्यावर कच्चं उकडायला सांग, आम्ही वीस मिनिटं थांबतो." पोरगा आत गेला. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरं ताट आलं. आकाशातून चांदणं वगैरे काही बरसलं नाही, सॉस मैद्याचाच होता. पण नळी उभी होती. दाताला लागत होती. मित्राने ती खाल्ली, पुडी न फोडता, आणि वर मला म्हणाला, "तू फारच करतोस हं."

मी फारच करतो! बरं.

मग बिल. खाली बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज, 10 टक्के. मित्र कार्ड काढून मोकळा. "असू दे ना, शंभर-सव्वाशे रुपयांसाठी कशाला शोभा?" शोभेचाच प्रश्न असेल तर ऐका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला स्पष्ट सांगितलं, की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येणार नाही; द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. तक्रारीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक 1915. खोपोलीकरांना हा आकडा पाठ करायला सोपा आहे, टाटांचं खोपोलीचं वीजगृह त्याच सालचं.

मी मॅनेजरला बोलावून तो आकडा काढायला सांगितला. तो अदबीने वाकला. "सर, ते स्टाफसाठी असतं."

"उत्तम. मग स्टाफलाच देतो," मी म्हटलं, आणि तेवढे पैसे रोख मोजून त्याच्यासमोर त्या पोराच्या हातावर ठेवले. मॅनेजरचं हसू जरा आखडलं. पोराने नोटा घाईघाईने खिशात घातल्या आणि नजर दुसऱ्या टेबलाकडे वळवली. दुसरं बिल लगेच छापून आलं, सर्व्हिस चार्ज नसलेलं. म्हणजे त्या यंत्रात तशी सोय आधीपासून होती.